एक चिलर बंद करून बघू

मी क्षमाशील नाही. माझी आई आहे, बहीण आहे. माझ्या वाट्याला तो गुण आला नाही. एका माणसाने माझं नुकसान केलं आणि काही वर्षांनी मी ते व्याजासकट त्याच्या पदरात घातलं. त्याची ही हकीकत.

अकोल्याहून मेकॅनिकलची पदवी घेऊन मी पुण्यात आले तेव्हा शहराच्या चारही बाजूंना काचेच्या इमारती उगवत होत्या. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली. मला रेफ्रिजरेशन हा विषय मनापासून आवडायचा, म्हणून मी डेक्कनजवळच्या एका सल्लागाराच्या कचेरीत लागले. त्यांना सगळे सरच म्हणत. मोठमोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रणा ते आखून देत. पन्नाशीचे, जुन्या पेठेतले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हळू आवाज. कुणावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

सरांनी तेव्हा एक नवं काम घ्यायला सुरुवात केली होती: सिम्युलेशन. म्हणजे इमारत संगणकात पुन्हा उभी करायची. भिंती, काचा, माणसं, दिवे, कॉम्प्युटर, आणि हवा थंड किंवा गरम करणारी सगळी यंत्रं. मग वर्षभराचं हवामान तासातासाने तिच्यावरून न्यायचं आणि वीज किती लागते ते पाहायचं. नव्या इमारतीचं हे काम सोपं असतं, कारण जी अजून बांधलीच नाही तिच्याबद्दल तुम्हाला कुणी खोटं पाडू शकत नाही. चालू इमारतीचं अवघड. तिथे दर महिन्याला विजेचं बिल येतं.

मला पहिलंच काम चालू इमारतीचं मिळालं. खराडीतली सात मजली आयटीची इमारत, चार-पाच वर्षं जुनी. वीज एवढी का लागते, हे मालक कंपनीला जाणून घ्यायचं होतं. तिथली यंत्रणा मुळात सरांनीच आखली होती. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

मी कसबा पेठेत एका निवृत्त गणिताच्या शिक्षिकेकडे पैसे देऊन राहत होते. त्यांना मी बाई म्हणायची. तिथून मनपाच्या बसथांब्यापर्यंत चालत आणि पुढे बसने खराडी. असे तीन महिने केले. तळघरातल्या प्लांट रूममध्ये दोन चिलर होते, म्हणजे इमारतीसाठी पाणी थंड करणारी मोठी यंत्रं, गारवा देण्याची क्षमता प्रत्येकी दोनशे टन. त्यांची राखण करणारे ऑपरेटर लष्करातून निवृत्त झालेले, विश्रांतवाडीच्या पुढच्या गावातले. त्यांना सगळे मामा म्हणत. दर तासाला पाणी किती अंशावर आत गेलं, किती अंशावर बाहेर आलं, मोटरने किती विजेचा प्रवाह ओढला, हे मामा लॉगबुकात लिहीत. पाच वर्षांची लॉगबुकं पत्र्याच्या कपाटात नीट रचून ठेवलेली होती.

"मामा, ही मी बघू का?" मी विचारलं.

"बघा की. लिवायला सांगितलंय म्हून लिवतो. वाचाया आजवर कुणी आलं न्हाय."

मी वाचायला बसले आणि मला आकडे विचित्र दिसू लागले. दोन्ही चिलर दिवसभर चालायचे आणि दोन्ही निम्म्यापेक्षा कमी भारावर. एवढ्या कमी भारावर ती जुनी मशिनं वीज भरपूर खायची आणि काम थोडं करायची. शिवाय दोन मशिनांमुळे पंपही दोन, छतावरचे पाणी निववणारे टॉवरही दोन.

"एकावर भागणार नाही का, मामा?"

"भागंल की. पर वरचा हुकूम हाय." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की दोन्ही चिलर कायम चालू ठेवावेत. खाली सरांची सही होती. इमारतीच्या उद्घाटनाला कुणा पाहुण्याला उकडलं, म्हणून तो कागद लागला आणि मग कुणी काढलाच नाही, असं मामांनी सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये आणखी एक गोष्ट सापडली. तिथे खोली थंड ठेवायला दोन यंत्रं होती. एक खोली थंड करत होतं आणि दुसरं, हवेत दमटपणा जास्त झालाय असं समजून, आतला हीटर लावून तीच हवा गरम करत होतं. एप्रिलमधली दुपार होती. मी जाळीवर हात धरला तर चटका बसेल इतकी ऊब. दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी राहून एकमेकांचं काम पुसत होती, आणि हे किती दिवस चाललं होतं कुणाला माहीत नव्हतं.

हे सगळं मी मॉडेलमध्ये घातलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: यंत्र किती मोठं हवं ते संगणकानेच ठरवायचं. कारखान्याच्या कॅटलॉगातले आकडेही तयार मिळतात. सगळे तेच वापरतात. मी मामांच्या लॉगबुकातून चिलरचे खरे आकडे काढले, कमी भारावर ते कसे वागतात याचा स्वतःचा आलेख बनवला आणि तो मॉडेलला दिला. महिन्यामागून महिना मॉडेलचा आकडा बिलाला जाऊन भिडला. त्या संध्याकाळी मी मनपावरून कसबा पेठेपर्यंत गाणं गुणगुणत गेले होते. अनोळखी शहरात आपल्या हातून काहीतरी खरं झालंय, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे यंत्रं गरजेच्या दुप्पट मोठी आहेत, असं तुझं म्हणणं."

"माझं नाही सर. लॉगबुकातून तसं दिसतंय."

"लॉगबुक कोण लिहितं? ऑपरेटर. शिक्षण किती त्याचं?" ते चष्मा पुसत म्हणाले. "कॅटलॉगचे आकडे टाक. मग बिलापेक्षा जेवढं कमी पडेल तेवढं कॉम्प्युटरवर टाक. आयटीवाले आहेत, लागत असेल त्यांना वीज."

यातली मेख मला दिसली होती. कॉम्प्युटरची वीज वाढवली की मॉडेलमध्ये इमारत जास्त तापते, आणि जास्त तापली की दोन मोठी मशिनं लागतातच असं दिसतं. बिलही जुळतं आणि सरांची मूळ आखणीही बरोबर ठरते.

"सर, तसे कॉम्प्युटर तिथे नाहीत. मी मोजलेत."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

पुढच्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला मी दोन दिवस अकोल्याला गेले. परत आले तोवर अहवाल गेलेला होता. कॅटलॉगचे चिलर, फुगवलेले कॉम्प्युटर, आणि पहिल्या पानावर 'तयार करणार' या शब्दांपुढे माझं नाव.

महिन्याभरात एका हॉटेलात सल्लागारांचा मेळावा झाला. मी दाराशी फोल्डर वाटत होते. सरांनी व्यासपीठावरून सर्व्हर रूमची गोष्ट सांगितली. "मी स्वतः जाळीवर हात धरून पाहिला," असं म्हणून त्यांनी हात वर करून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण माझ्याकडे दोघंजण बघत होते.

मग अहवालावरची ती बैठक. इमारतीची देखभाल पाहणारे अधिकारी मोजकं बोलणारे गृहस्थ होते. अहवालाचं एक पान उघडून ते म्हणाले, "याप्रमाणे आमचा प्रत्येक माणूस दोन-दोन कॉम्प्युटर लावून बसतो. मला तर एकेकच दिसतात."

सर माझ्याकडे वळले. माझ्या पिशवीत लॉगबुकाच्या झेरॉक्स होत्या. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"ह्या नवीन आहेत," सर त्या अधिकाऱ्यांना म्हणाले. "विदर्भातून आल्यात. तिकडे सगळंच जरा अघळपघळ असतं. आकडा पाहायची सवय नसते. मी लक्ष घालायला हवं होतं. दुरुस्त करून देतो."

टेबलाभोवती बारीक हसू फिरलं. मी खाली पाहिलं. का बोलले नाही, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. चोवीस वर्षांची होते, ते सर होते. त्यांनी जे केलं ते जितकं टोचतं तितकंच माझं ते गप्प बसणं टोचतं. कदाचित म्हणूनच पुढचं सगळं इतकं मनापासून करता आलं.

कॉम्प्युटरचा वाढीव भार त्यांनी 'इतर उपकरणे' या नावाखाली विखरून टाकला, आणि अहवाल मान्य झाला. माझं नाव पहिल्या पानावर तसंच राहिलं. पंधरा दिवसांत मला, काम कमी आहे, असं सांगण्यात आलं.

पुण्यात हे काम करणाऱ्या कचेऱ्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. मी तीन ठिकाणी गेले. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी माझा कागद खाली ठेवून विचारलं, "तो खराडीचा अहवाल आपलाच ना?" मी खुर्चीवरून उठले.

आईचा फोन आला. "काऊन वं, आवाज असा काऊन येऊन रायला तुहा?" मी सर्दी झाली म्हणून सांगितलं. बाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर पोळी लाटता लाटताच म्हणाल्या, "रडून झालं का? मग वही घ्या. काय झालं, कुणाच्या तोंडचे शब्द काय, तारखेनिशी लिहून काढा. नुसत्या डोक्यात ठेवलेला राग दोन वर्षांत पातळ होतो."

मी लिहून काढलं. वही, अहवालाची एक प्रत, लॉगबुकाच्या झेरॉक्स आणि माझ्या मूळ मॉडेलची सीडी, असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेच्या तळाशी ठेवलं.

पुढची दोन वर्षं मी वारज्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात रेफ्रिजरेशन शिकवलं. लग्न झालं, आडनाव बदललं. मग परदेशी इमारतींची मॉडेलं पुण्यात बसून बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. थंड देशांतल्या जुन्या शाळा, दवाखाने, वाचनालयं. त्यांचे पाणी तापवणारे बॉयलर, पाइपांतून फिरणारं गरम पाणी, खोलीला ऊब देणारे खिडकीखालचे रेडिएटर. मी तोवर बर्फ पाहिला नव्हता, पण कुठल्या गावातल्या कुठल्या शाळेचा बॉयलर जानेवारीत किती धापा टाकतो, हे सांगू शकत होते. तिथे मी शिकले की चालू इमारतीत यंत्राचा कॅटलॉग हा त्याचा तरुणपणीचा फोटो असतो. काम करणारं यंत्र निराळं असतं, त्याच्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं. माझं नाव झालं. मी स्वतंत्र काम घ्यायला लागले, बहुतेक दुसऱ्यांची मॉडेलं तपासून देण्याचं.

एक दिवस त्याच देखभाल अधिकाऱ्यांचा ईमेल आला. खराडीची इमारत आता नव्या मालकांकडे होती, अधिकारी तेच राहिले होते. जुने चिलर बदलायचे होते. सल्लागाराने अहवाल दिलाय, तो त्रयस्थ म्हणून तपासाल का? सल्लागाराचं नाव वाचून मी खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला आनंद झाला होता. दुसरा शब्द नाही. हाताशी दोन कामं असताना मी दहा मिनिटांत होकार कळवला.

अधिकाऱ्यांना फोनवर सांगितलं, "मी एकेकाळी त्यांच्या कचेरीत होते. हे आपल्याला माहीत असावं."

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "आपल्याला त्यांची पद्धत ठाऊक असेल." त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मीही पुढचं सांगितलं नाही.

सरांचा अहवाल आला. जुनंच मॉडेल नवे कपडे घालून आलं होतं. 'इतर उपकरणे' जागेवर होती. निष्कर्ष: तेवढेच मोठे दोन नवे चिलर बसवावेत आणि दोन्ही कायम चालवावेत.

त्याच दिवशी मी त्यांना कळवू शकले असते की आकडा चुकलाय. तपासनिसाचं काम तेच असतं, चूक वेळेवर दाखवायची. मी दाखवली नाही. मी शीर्षकातल्या चुका, तक्त्यांचे अनुक्रमांक, नकाशातल्या दिशा, असल्या बारीक शंका काढत राहिले. ते दुरुस्त्या करून पाठवत राहिले. माझं बदललेलं आडनाव त्यांना काही सांगत नव्हतं. शेवटी मी एकच प्रश्न लेखी विचारला: उपकरणांचा भार आपण प्रत्यक्ष पडताळला आहे का? उत्तर आलं, "होय, निश्चित." मी त्याची प्रत काढून ठेवली.

बैठकीच्या आधीच्या मंगळवारी मी अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन प्लांट रूममध्ये गेले. मामा अजून तिथेच होते, केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ताई, किती वर्सांनी. लगीन झालं वाटतं."

"मामा, आज एक चिलर बंद करायचा आहे. दुपारभर."

त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करू की," म्हणाले आणि बटण दाबलं. आम्ही चार तास थांबलो. वर कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी जुगार खेळत नाही. निकाल माहीत असल्याशिवाय मी त्या बैठकीला गेले नसते.

बैठक मेमधल्या दुपारी, दोन वाजता. सातव्या मजल्यावरची खोली. नव्या मालकांचे दोघे मुंबईहून आलेले, अधिकारी, सर आणि मी. सर थकलेले वाटले, पण शर्ट तसाच पांढरा. त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या आडनावामागे 'मॅडम' लावून. सादरीकरण झाल्यावर अधिकारी माझ्याकडे वळले.

"सर," मी म्हणाले, "आपल्या मॉडेलप्रमाणे आत्ता, या घटकेला, एक चिलर बंद केला तर काय होईल?"

ते हसले. "अर्ध्या तासात लोक जिन्यात येऊन उभे राहतील."

"नक्की?"

"मॉडेल तसंच सांगतं."

"मग एक चिलर बंद करून बघू."

सर अधिकाऱ्यांना म्हणाले, "चालू ऑफिसमध्ये असले प्रयोग करणं बरं नव्हे."

"लोकांना त्रास झाला तर लगेच सुरू करू," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी खाली फोन लावला. मी पर्समधला थर्मामीटर काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. चोवीस अंश.

चहा आला. मुंबईच्या पाहुण्यांनी आंब्याच्या भावाची चौकशी केली. अर्धा तास झाला. चोवीस. पाऊण तास. आकडा किंचित वर गेला आणि परत खाली आला. बाहेर ऊन इतकं की खिडकीतून पार्किंगकडे बघवत नव्हतं. सर दर काही मिनिटांनी त्या आकड्याकडे बघत होते. नंतर ते माझ्याकडे बघायला लागले, आणि कुठेतरी मध्येच त्यांनी मला ओळखलं. मला तो क्षण नेमका दिसला. भुवया आधी वर गेल्या आणि मग सावकाश खाली आल्या. त्या एका क्षणासाठी मी पुन्हा सहा वर्षं थांबले असते.

सव्वा तासाने खालच्या मजल्यावरची एक मुलगी दारातून डोकावली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, "सर, एसी जरा कमी करता येईल का? आमच्या बाजूला खूप गारठा आहे."

मुंबईचे एक गृहस्थ हसले. सर हसले नाहीत.

मी पिशवीतून जुना अहवाल काढला आणि पहिलं पान वर करून त्यांच्यासमोर ठेवला. लॉगबुकाच्या झेरॉक्स आणि माझ्या मूळ मॉडेलचे आलेख अधिकाऱ्यांसमोर ठेवले. काय घडलं होतं ते चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. तो धडा मला त्यांनीच दिला होता.

"यात तयार करणार म्हणून माझं नाव आहे," मी म्हणाले. "ते आपण आपल्या हाताने खोडावं आणि आपलं लिहावं."

सर हळूच म्हणाले, "आपण हे बाहेर बोलू या का? दोन मिनिटं."

"नको सर. आपण माझ्याबद्दल बोलला होतात तेही सगळ्यांसमोर."

अधिकारी माझ्याकडे पाहत होते. बहुधा त्यांना तेव्हा आठवलं असावं. सरांनी खिशातून पेन काढलं, माझ्या नावावर एक रेघ ओढली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर अगदी सुरेख, कुठेही हललेलं नाही. खाली तारीख घातली. मी म्हटलं, "आभारी आहे," आणि पान फाइलमध्ये ठेवलं.

ते काम त्यांच्याकडून गेलं. मी एक मोठा आणि एक लहान चिलर सुचवले, ते मान्य झाले. एक चिलर बंद करून बघायची गोष्ट पुण्यातल्या कचेऱ्यांमध्ये फिरली. फिरवण्यात मी हात आखडता घेतला नाही. ज्या तीन ठिकाणी मी पूर्वी गेले होते तिथे तर आवर्जून सांगितली. सरांच्या आणखी दोन ग्राहकांनी तोच प्रयोग मागितला, असं कानावर आलं. वर्षभरात त्यांनी डेक्कनची कचेरी सोडली.

बैठकीनंतरच्याच आठवड्यात मी पेढे घेऊन कसबा पेठेत बाईंकडे गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वय काय त्यांचं आता?"

"साठीच्या आसपास."

"हं." त्यांनी पेढ्याचा तुकडा तोडला. "झोप लागते का तुम्हाला?"

"छान लागते."

"मग ठीक आहे. मला वाटलं होतं, लागणार नाही." हे कौतुक होतं की टोमणा, हे त्यांच्याकडे दोन वर्षं राहूनही मला कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक गोष्ट घडली, जी मी तेव्हा कुणालाही सांगितली नाही. नव्या चिलरसाठी मॉडेल दुरुस्त करताना मी मामांना विचारलं की बाहेरची ताजी हवा आत घेणाऱ्या झडपा किती उघड्या असतात.

"त्या? त्या पयल्यापास्नं बंदच हायेत की. धूळ येती म्हून जाम करून टाकल्यात."

मी वर जाऊन पाहिलं. खरंच बंद होत्या. माझ्या मूळ मॉडेलमध्ये, ज्याच्या जोरावर मी जिंकले होते, झडपा नकाशाप्रमाणे उघड्या धरलेल्या होत्या. चिलरजवळ तीन महिने उभी राहिलेली मी झडपांपर्यंत गेले नव्हते. ही चूक आणि दुसरी एक लहान चूक एकमेकींना खाऊन टाकत होत्या, म्हणून आकडा बिलाला भिडला होता. निकाल बदलत नव्हता. उलट एक चिलर आणखीच पुरेसा ठरत होता. पण चौथ्या मजल्यावरची माणसं दुपारी जांभया देत बसतात, अशी तक्रार अधिकाऱ्यांकडे कायम यायची, आणि ताज्या हवेचा तुटवडा हे त्याचं उत्तर माझ्या हातात होतं. ते सांगायचं तर माझी चूक सांगावी लागली असती, आणि सरांची चूक दाखवल्याला महिनाही झाला नव्हता. नवीन यंत्रं बसतील तेव्हा झडपा उघडून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला अजून आठ महिने होते.

पाचव्या महिन्यात सरांचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज होता.

"आपलं मूळ मॉडेल मी नीट पाहिलं," ते म्हणाले. त्या बैठकीनंतर अधिकाऱ्यांनी त्यांना प्रत दिली होती. "पूर्वी पाहायला हवं होतं. चिलरचा आलेख चांगला काढला आहेत. पण ताजी हवा नकाशाप्रमाणे धरलीत. तिथल्या झडपा बंद असतात. मी इमारत चालू केली तेव्हाच बंद केल्या होत्या तिथल्या माणसांनी."

"हो. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाच महिने."

"सांगितलं नाहीत?"

"नाही."

"असू दे," सर म्हणाले. "मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. त्यांनी धमकावलं असतं तर मला चाललं असतं, मी लढले असते. पण हा माणूस माझी चूक पोटात घालणार, माझ्यावर उपकार करणार, आणि मी जन्मभर ते बाळगणार, ही कल्पना मला सहन होईना. त्या चौथ्या मजल्यावरच्या माणसांसाठी मी उठले असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी उठले ती सरांचं काही देणं लागू नये म्हणून.

मी अधिकाऱ्यांना ईमेल लिहिला: मूळ मॉडेलमध्ये ताज्या हवेबाबत माझी चूक आहे, ती मला पाच महिन्यांपासून माहीत आहे, झडपा बंद आहेत, त्या ताबडतोब उघडाव्यात. सुधारित मॉडेल जोडलं. प्रत सरांना लावली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचं एका ओळीचं उत्तर आलं की नोंद घेतली, झडपा उघडायला माणसं पाठवली आहेत. सरांकडून काहीच आलं नाही. पुढच्या महिन्यात मी साइटवर गेले तेव्हा झडपा उघड्या होत्या आणि मामा, हवेच्या गाळण्यांमध्ये आता दर आठवड्याला धूळ साचते, अशी तक्रार करत होते.